उत्तरपूजा

प्रसादला मी माफ केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. शेवटी मी सुधारेन, आम्ही गळ्यात गळे घालू, अशी आशा धरून कुणी वाचत बसू नये.

मी सिद्धेश, वय सत्तावीस. बाबा बँकेच्या बदलीवर अकोल्याहून लखनौला आले आणि परत जायचं राहूनच गेलं. त्यामुळे माझा जन्म इथला, लखनौच्या महानगर भागातला. गेल्या वर्षीपर्यंत मी अमौसीला विमानतळावर एका विमान कंपनीच्या काउंटरवर होतो. याचं आयुष्य टाइमटेबलवर चालतं म्हणून मित्र चिडवायचे. चालायचंच. ट्रेनिंगमध्ये एका बाईंनी आम्हा सगळ्यांकडून पुढच्या दहा वर्षांचं नियोजन लिहून घेतलं होतं. बाकीच्यांनी तो कागद कॅन्टीनमध्ये समोशाखाली घातला, मी घरी येऊन त्याची एक्सेल शीट केली. सव्विसाव्या वर्षी ड्यूटी मॅनेजर, सत्ताविसाव्या वर्षी वृंदावन योजनेत दोन खोल्यांचा फ्लॅट, अठ्ठाविसाव्या वर्षी अंतराशी लग्न, एकोणतिसाव्या वर्षी आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन. धर्म आणि राजकारण यांच्यासाठी त्या शीटमध्ये रकाना नव्हता. ते दोघं न विचारताच आत शिरले.

ते आले प्रसादच्या दारातून. प्रसाद आमच्याच बिल्डिंगमधला, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. मला सायकल त्यानं शिकवली, पहिली सिगारेटही त्यानंच दिली. त्याचा होर्डिंगचा धंदा आहे आणि आमच्या मराठी मंडळाचा तो सेक्रेटरी. जवळच्या कपूरथला बाजारामागे मंडळाचा हॉल आहे, तिथे दहा दिवस गणपती बसतो. इथे मराठी गुरुजी मिळत नाहीत, म्हणून पूजा मंडळातलाच कुणीतरी पोथी समोर ठेवून सांगतो आणि करतो. बाबा होते तोवर बाबा करायचे, चार वर्षांपासून मी करतो. मी देव मानतो का, हे मला विचारू नका. पूजा मात्र चोख करतो.

गेल्या वर्षी प्रसादच्या डोक्यात पार्षद, म्हणजे आपला नगरसेवक, व्हायचं शिरलं. दीड वर्षावर आलेली नगर निगमची निवडणूक, आमचा वॉर्ड, पक्षाचं तिकीट. पाचव्या दिवशीच्या आरतीला तो पंचवीस पोरं घेऊन आला, सगळ्यांच्या गळ्यात पक्षाचे गमछे. हॉलच्या मागच्या गल्लीत मुसलमानांची वस्ती आहे. त्या बाजूच्या खिडक्या एरवी बंद असतात, त्या दिवशी प्रसादनं मुद्दाम उघडायला लावल्या. आरती अर्ध्यावर आली आणि पोरांनी खिडक्यांकडे तोंड करून नारे सुरू केले. काय नारे होते ते मी इथे लिहीत नाही. मी माइक घेतला आणि म्हणालो, “आरती के बीच में ये सब नहीं चलेगा. बंद कीजिए.”

दुसऱ्या दिवशी अकरा सेकंदांची क्लिप फिरली. मागे आरतीचा आवाज, टाळ वाजताहेत, आणि मी माइक घेऊन म्हणतोय, “नहीं चलेगा. बंद कीजिए.” नारे कापून टाकलेले. वर लिहिलं होतं, ‘गणेशजी की आरती से किसको तकलीफ़ है?’ शेजारी माझा युनिफॉर्ममधला फोटो आणि खाली कंपनीचं नाव, कंपनीलाही दिसेल अशा बेतानं.

कंपनीनं मला काढलं नाही. करार संपत आला होता, तो पुढे वाढवला नाही. सभ्य माणसं असंच करतात. अंतराचे वडील पुण्याहून फोनवर म्हणाले, “सध्या थोडं थांबू या.” ते अजून थांबलेलेच आहेत. आणि आठवड्यानं प्रसाद घरी आला, सोफ्यावर मांडी घालून बसला, आईच्या हातची दोन थालीपिठं खाल्ली आणि मला म्हणाला, “यार, दिल पे मत ले. माझ्या टिकटचा सवाल होता. महिन्याभरात लोक विसरतात.”

आई स्वयंपाकघरात होती. तिनं ते ऐकलं की नाही मला कळलं नाही. प्रसाद गेल्यावर मी ती शीट उघडली, सगळ्या ओळी पुसल्या आणि एकच ओळ लिहिली. वय सत्तावीस, प्रसाद, अनंत चतुर्दशी.

सुडाचं नियोजन आयुष्याच्या नियोजनापेक्षा फार सोपं असतं. आयुष्यात शंभर गोष्टी जमून याव्या लागतात, इथे एकच जमवायची. सकाळी उठायला कारण लागतं, ते आयतं मिळतं. नोकरी नसलेले ते महिने मी रडतरखडत काढले असं लोकांना वाटतं. मी ते दात-ओठ खात, पण मजेत काढले.

त्या काळात मी राजकारणातला देव या विषयावर जेवढा विचार केला, तेवढा कॉलेजात परीक्षेसाठीही केला नसता. माझ्या हाती लागलं ते एवढंच की, देवाला प्रचाराला नेणाऱ्या माणसाला देवाची भीती नसते. असती तर तो आरतीत खिडक्या उघडून शिव्या देता ना. त्याला भीती असते गर्दीची. गर्दी आज त्याच्यामागे आहे, उद्या दुसऱ्यामागे जाईल, याच भीतीनं तो देवाचा पाय सोडत नाही. मग असल्या माणसाला सद्भाव शिकवून काय होणार? मी माइकवरून शिकवून पाहिलं होतं. त्याला मारायचं तर गर्दीच्याच हातानं. काट्यानं काटा काढायचा.

काटा मला बाबांच्या पोथीत सापडला.

गणपती बसवताना मूर्तीत प्राणप्रतिष्ठा करतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. उठवताना काय करतात, ते पूजेला बसणाऱ्यालाच नीट माहीत असतं. शेवटच्या दिवशी उत्तरपूजा होते. गंध, फूल, अक्षता, दहीपोह्यांचा नैवेद्य, निरोपाचा मंत्र, देवाच्या तळहातावर दही, आणि मग मूर्ती जागेवरून चार बोटं सरकवायची. झालं. त्यानंतर तिथे देव नाही, माती आहे. घाटावर आपण आणखी एक आरती म्हणतो, पण ती निरोपाची. त्या मातीपुढे नवी पूजा मांडायची नाही, संकल्प सोडायचा नाही, नैवेद्य दाखवायचा नाही. आमच्या मंडळात उत्तरपूजा दरवर्षी सकाळी सातला होते, कारण पूर्वी टेम्पो दुपारीच मिळायचा. प्रसादला हे माहीत नव्हतं. जन्मभर मंडळात वावरला, पण त्या वेळी तो नेहमी टेम्पोवाल्याशी भांडत असायचा.

यंदा त्यानं अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळी पाच वाजता ‘विजय संकल्प महापूजा’ ठेवली. पक्षाचे प्रदेशातले एक मोठे पदाधिकारी यजमान म्हणून बसणार होते. त्यांना सगळे भाईसाहब म्हणतात आणि तिकिटं त्यांच्या हातात असतात. मला प्रसाद म्हणाला, “सिद्धू, पूजा तूच सांग हां. मराठी पद्धत, एकदम ऑथेंटिक. पुराना गुस्सा थूक दे.”

“थुंकला,” मी म्हणालो.

त्याच आठवड्यात मी अवस्थीला भेटलो. अवस्थी त्याच पक्षाचा, त्याच वॉर्डातला, त्याच तिकिटावर डोळा ठेवून बसलेला. त्याला मी सगळं समजावून सांगितलं. चहाचा कप तसाच हातात धरून त्यानं ऐकलं आणि चेहरा अगदी दुःखी केला.

“भैया, ये तो आस्था का सवाल है,” तो म्हणाला. मग त्याला हसू आवरेना. “वीडियो पक्का मिलेगा ना?”

मधेच एक गोष्ट घडली, ती सांगायला हवी. ऑगस्टमध्ये मला अमौसीलाच एका कार्गो कंपनीत नोकरी लागली. आधीच्यापेक्षा हलकी, पण नोकरी. शहाण्या माणसानं इथे थांबायला हवं होतं. डूख धरलेला माणूस थांबत नाही. मी कामावर जायचो, बॉक्सांवर लेबलं चिकटवायचो आणि चतुर्दशीची वाट पाहायचो.

चतुर्दशीला मी पहाटे आंघोळ करून सहाला घराबाहेर पडलो. आई तांदळाची पिठी चाळत होती. एवढ्या सकाळी कशाला, असं मी विचारलं नाही, माझ्या डोक्यात दुसरंच होतं. हॉलमध्ये मी एकटाच होतो. भिंतीवरचं घड्याळ मागे दिसेल असा मोबाइल लावला आणि बाबा करायचे तशी सगळी उत्तरपूजा केली. एक शब्द गाळला नाही. तळहातावर दही ठेवलं, मूर्ती सरकवली. मूर्ती परत जागेवर ठेवावी असं क्षणभर वाटलं, नाही असं नाही. पण प्रसाद थालीपीठ खाताना डोळ्यांसमोर आला आणि मी मोबाइल काढून घेतला.

मग मंडळाच्या ग्रुपवर मी मराठीत लिहिलं, ‘नेहमीप्रमाणे सकाळी सात वाजता उत्तरपूजा झाली आहे. मूर्ती हलवली आहे. यापुढे पूजा, नैवेद्य करू नये.’ प्रसाद मराठी बोलतो धकवून, पण तीन ओळींचं मराठी वाचायचा त्याला कंटाळा. ग्रुपवर काहीही आलं की तो हात जोडल्याचं चिन्ह टाकतो. दोन मिनिटांत त्यानं हात जोडले. मला तेवढंच हवं होतं. उद्या कुणी विचारलं तर मी सांगितलं होतं आणि त्यानं पाहिलं होतं.

जुन्या मंडळींनी मात्र वाचलं असणार. अध्यक्ष राजारामकाकांचा फोन आला. ते निवृत्त शास्त्रज्ञ आहेत, तोलूनमापून बोलतात.

“सिद्धेश, मेसेज वाचला,” ते म्हणाले. “संध्याकाळी माझे गुडघे दुखणार आहेत. मला वाटतं, बऱ्याच जणांचे दुखतील.”

प्रसादच्या गमछेवाल्यांनी मंडळ बळकावल्यापासून ती सगळी माणसं आतल्या आत धुमसत होती. कुणी प्रसादला फोन केला नाही. वीसेक मराठी घरांनी त्या दिवशी तोंडात गुळणी धरली. मला वाटलं, बाजी आपली.

चार वाजता प्रसाद हॉलमध्ये आला, फोटोग्राफर घेऊन. मूर्तीकडे पाहून म्हणाला, “अरे, ये हाथ में क्या लगा है?” आणि खिशातला रुमाल काढून त्यानं देवाच्या तळहातावरचं दही पुसलं. मूर्ती तिरकी दिसते म्हणून दोन पोरांकडून सरळ करून घेतली. मी बाजूला उभा राहून पाहत होतो. इतका आनंद मला पहिल्या पगारालाही झाला नव्हता.

साडेचारला दारात ई-रिक्षा थांबली आणि त्यातून आई उतरली.

आई येणार नव्हती. गुडघ्यांमुळे ती हल्ली दुसऱ्या दिवशी दर्शन घेऊन जायची, पुन्हा यायची नाही. तिचा फोन साधा, ती ग्रुपवर नाही. तिनं बाबांच्या वेळची हिरवी पैठणी नेसली होती आणि हातात फडक्यानं झाकलेला मोठा डबा होता. मी धावत गेलो.

“तू कशाला आलीस?”

“नवस फेडायला,” ती म्हणाली. चेहरा असा खुलला होता की मला ओळखू येईना. “सांगायचा नसतो फिटेपर्यंत, म्हणून बोलले नाही. तुझी नोकरी गेली ना, तेव्हा याच गणपतीला बोलले होते. सिद्धेशला पुन्हा नोकरी लागू दे, अनंत चतुर्दशीला एकवीस मोदक वाहीन. आणि तोवर भाताला शिवणार नाही.”

वर्षभर ती भात खात नव्हती. डॉक्टरांनी शुगरमुळे बंद केलाय, असं मला सांगितलं होतं. मी एकदाही रिपोर्ट बघायला मागितला नव्हता. वरण-भाताशिवाय जिचं जेवण होत नाही, ती बाई वर्षभर माझ्यासमोर बसून पोळी खात होती आणि मी प्रसादचा विचार करत होतो.

“उत्तरपूजा व्हायचीय ना अजून?” तिनं विचारलं. “मला वाटलं सकाळीच उरकली असशील. पण प्रसाद परवा जिन्यात भेटला, म्हणाला, काकू, पूजा पाँच बजे है. म्हणून मग धीरानं केले मोदक. व्हायचीय ना?”

बाहेर सायरन वाजला. भाईसाहबांच्या गाड्या आल्या होत्या. प्रसाद आमच्याकडेच येत होता. माझ्याजवळ दोन शब्द बोलायला वेळ होता. ‘झाली, आई,’ एवढंच. ती प्रसादला म्हणाली असती, अरे, मूर्ती हलवलीय, आता पूजा कसली? आणि प्रसाद वाचला असता. ऐन वेळी पूजेचं नाव बदलून, मला मिठी मारून, तिकीट घेऊन, पुन्हा आमच्या सोफ्यावर येऊन बसला असता.

“व्हायचीय,” मी म्हणालो.

प्रसादनं तिच्या हातातला डबा पाहिला आणि त्याचे डोळे चमकले. “काकू, नवस? वाह! तुम्ही पुढे या, भाईसाहबके साथ.” त्यानं तिला दंडाला धरून पहिल्या रांगेत नेलं, कॅमेऱ्यासमोर उभं केलं.

मी पूजा सांगितली. भाईसाहबांनी डाव्या हातानं फुलं वाहिली, उजव्या हातात फोन होता. संकल्पात विजयाचा उच्चार झाला. प्रसादच्या पानावरून सगळं लाइव्ह चाललं होतं. मग आईनं मोदकांचा नैवेद्य ठेवला, पाण्याचं मंडल केलं, डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते. इतका वेळ कुणी इतकं काय सांगतं देवाला? मी मूर्तीकडे बघणं टाळलं. पोथीत पाहत राहिलो, पण मला ओळ दिसत नव्हती.

गोमतीकाठच्या कुंडात मूर्ती बुडाली तेव्हा आई घरी पोचली होती. मी अवस्थीला सकाळचा व्हिडिओ पाठवला. आईमुळे हात थांबला का? थांबला. दहाएक मिनिटं मी काठावर बसून होतो. मग प्रसाद ट्रॉलीवर उभा राहून नाचताना दिसला, आणि मी पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत सगळं शहर जागं झालं होतं. अवस्थीच्या माणसांनी दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी लावले. सकाळी सातला निरोप दिलेली मूर्ती, संध्याकाळी पाचला तिच्यापुढे विजयाचा संकल्प. ‘भाईसाहब से मिट्टी पुजवा दी.’ माझा मेसेज आणि त्याखाली प्रसादचे जोडलेले हात, तेही लावले होते. दहा वाजता आमच्या बिल्डिंगखाली गर्दी जमली. कालचीच पोरं, कालचेच गमछे, फक्त आता ती प्रसादच्या बाल्कनीकडे तोंड करून ओरडत होती. त्याची आई, वीणाकाकू, एकेक खिडकी बंद करत होती. मी गच्चीवरून पाहिलं, अगदी शेवटची खिडकी बंद होईपर्यंत. अकराला अवस्थीचा फोन आला, “भैया, उसका तो हो गया.”

गर्दी पांगल्यावर मी खाली आलो. रजाच घेतली होती. आईनं दुपारचं लवकर वाढलं. तिनं खालचा गोंधळ ऐकला होता, पण प्रसादचं काहीतरी राजकारण असेल म्हणून विचारलं नव्हतं. तिच्या ताटात भाताची मूद होती, वर वरण, वर लिंबू. वर्षानं वाढलेला पहिला भात. ती त्याकडे जरा वेळ नुसती पाहत बसली. तूप वाढायला तिनं चमचा उचलला आणि तिचा फोन वाजला.

वीणाकाकूंचा आवाज मला ताटावरूनही ऐकू येत होता. त्या भांडत नव्हत्या. रडून रडून त्यांचा घसा बसला होता. “मालिनी, तू काल नैवेद्य दाखवलास ना गं? अगं, मूर्ती सकाळीच हलवली होती म्हणे. सिद्धेशनं. मला वाटलं, तुला तरी सांगितलं असेल.”

आईनं फोन ताटाशेजारी उपडा ठेवला.

माझी तयारी होती. प्रसादनं काय केलं, माझी नोकरी, अंतरा, ते गमछे, मागच्या गल्लीतली माणसं, सगळं मी मनात लावून ठेवलं होतं. ती रडली असती तर एक उत्तर होतं, ओरडली असती तर दुसरं.

“मी तुला विचारलं होतं,” आई म्हणाली.

मग तिनं डावानं आपल्या ताटातली मूद अलगद उचलली आणि माझ्या ताटात ठेवली.

“तू जेव,” ती म्हणाली. “तुझं झालं ना मनासारखं.”

तिनं पोळ्यांचा डबा ओढला, सकाळची एक पोळी काढली आणि वरणात कुस्करून खायला लागली. पुढची गणेश चतुर्थी यायला जवळजवळ वर्ष होतं.